लोटे परिसरातील पाणी आत्ताच तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इटलीतील एका बंद पडलेल्या रासायनिक कारखान्याची यंत्रसामग्री खेड तालुक्यातील लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत आणून बसवल्याच्या बातम्या आणि त्यावरून उठलेला गदारोळ आपल्या वाचकांनी वाचला असेलच. या चर्चेत दाभोळ खाडीतील मासे आले, कर्करोग आला, रोजगार आला, राजकारणही आले. त्या इटालियन कारखान्याने दूषित केलेल्या पिण्याच्या पाण्यामुळे ज्यांच्या जननक्षमतेबद्दल सर्वांत अस्वस्थ करणारे निष्कर्ष निघाले, त्या तरुण मुलग्यांविषयी मात्र कोणी बोलले नाही. तो विषय चारचौघांत बोलण्याचा नाही, असे आपण मानत आलो आहोत. मी चिपळूणमध्ये गेली तेवीस वर्षे पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काम करते, माझे माहेर लोट्याच्या जवळच्या एका वाडीत आहे आणि वीर्यतपासणी हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. म्हणून हे पत्र मी लिहीत आहे.

गेल्या पावसाळ्यातील एक प्रसंग सांगते. लग्नाला सात वर्षे झालेले जोडपे आले होते. बाईच्या हातातील फाइल चार बोटे जाड होती. सोनोग्राफीचे अहवाल, गर्भनलिकांचा एक्स-रे, थायरॉइड, साखर, एकदा दुर्बिणीतून केलेली तपासणी, सगळे तारीखवार लावलेले. त्या फाइलमध्ये नवऱ्याच्या नावाचा एकही कागद नव्हता. सासूबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या आणि नवरा खालच्या आवाजात विचारत होता, "मॅडम, माझी पण करावीच लागेल का?" दुसऱ्या दिवशी त्याने नमुना दिला. वीर्य पातळ होण्यासाठी अर्धा तास ठेवून मी ते मोजणीच्या काचेवर घेतले. ज्या चौकोनांत शुक्राणूंची गर्दी दिसायला हवी, तिथे एखाददुसरा संथपणे वळवळत होता. सात वर्षे जिच्यावर सगळ्यांनी खापर फोडले, तिच्या तपासण्यांत काहीही दोष नव्हता.

त्या माणसाच्या अहवालाचे कारण पाणी होते, असे मी म्हणत नाही. वृषणाच्या शिरा फुगणे, वयात आल्यावर झालेले गालगुंड, तंबाखू, मधुमेह, भट्टीजवळचे काम, जन्मजात दोष अशी अनेक कारणे असू शकतात आणि कितीतरी रुग्णांत कारण सापडतच नाही. पण आमच्या अर्जात दारू, तंबाखू, ताप, शस्त्रक्रिया आणि व्यवसाय यांचे रकाने आहेत, "आपण कुठले पाणी पिता?" हा रकाना मात्र नाही. तेवीस वर्षांत एकाही डॉक्टरांनी हा प्रश्न विचारलेला मी ऐकला नाही. इतरत्र तो विचारला गेला तेव्हा काय निघाले, ते वाचकांपुढे यावे असे मला वाटते.

उत्तर इटलीतील विचेंझा शहराजवळ त्रिसिनो नावाचे गाव आहे. तेथील कारखान्यात १९६० च्या दशकापासून फ्लोरिनयुक्त रसायने तयार होत होती. त्यांतील पीएफएएस या नावाने ओळखली जाणारी रसायने तेल आणि पाणी दोन्हींना दाद देत नाहीत, म्हणून ती न चिकटणाऱ्या तव्यांपासून रेनकोटच्या कापडापर्यंत आणि आग विझवण्याच्या फेसापर्यंत सगळीकडे वापरली गेली. त्यांच्यातील कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध इतका पक्का असतो की निसर्गात ती जवळपास मोडतच नाहीत. त्रिसिनो ज्या खोऱ्यात आहे तिथली जमीन खडी-गोट्यांची आहे आणि तिच्यातून झिरपणारे पाणी खालच्या सपाटीवरील तीन प्रांतांच्या विहिरींना व नळयोजनांना जाऊन मिळते. २०१३ मध्ये तेथील राष्ट्रीय संशोधन संस्थेने पाण्यात ही रसायने असल्याचे दाखवून दिले, तोवर लोक कित्येक वर्षे ते पाणी पीत होते. पाण्याला रंग नव्हता, वास नव्हता, चवही नव्हती. साडेतीन लाखांच्या आसपास लोकसंख्येला त्याची झळ पोहोचली. २०१७ मध्ये चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या रक्ततपासणीचे कागद घरोघरी आले आणि ते आकडे पाहून आया रस्त्यावर उतरल्या. २०१८ मध्ये कारखान्याचे दिवाळे निघाले. जून २०२५ मध्ये विचेंझाच्या न्यायालयाने त्याच्याशी संबंधित ११ जणांना दोषी ठरवून साडेसतरा वर्षांपर्यंतच्या शिक्षा सुनावल्या.

याच भागातील मुलांचा अभ्यास पादुआ विद्यापीठाच्या संशोधकांनी केला. दूषित पाण्याच्या पट्ट्यात वाढलेले आणि त्या पट्ट्याबाहेरचे असे मिळून ३८३ तरुण त्यांनी तपासले. बहुतेक जण नुकतेच शाळेतून बाहेर पडण्याच्या वयाचे होते. दूषित पट्ट्यातील मुलांच्या रक्तात आणि वीर्यातही ही रसायने जास्त आढळली. त्यांच्या वीर्याची प्रत कमी भरली, वृषणांचे आकारमान कमी होते, आणि जननेंद्रिय व गुदद्वार यांमधील अंतरही कमी होते. हे शेवटचे मोजमाप ऐकायला विचित्र वाटते, पण त्याचा अर्थ गंभीर आहे. हे अंतर मूल आईच्या पोटात असताना, गरोदरपणाच्या पहिल्या काही महिन्यांत, पुरुष-संप्रेरकाच्या प्रभावाने ठरते. ते कमी असणे म्हणजे त्या काळात संप्रेरकाचे काम नीट झाले नसावे, याची खूण. त्याच संशोधकांनी प्रयोगशाळेत दाखवले की पीएफओए हे या कुळातील रसायन टेस्टोस्टेरॉन या पुरुष-संप्रेरकाच्या जागी जाऊन बसते, पण काम मात्र करत नाही. कुलपात भलतीच किल्ली अडकून बसावी, तसा हा प्रकार आहे. त्यामुळे रक्तात टेस्टोस्टेरॉन भरपूर दिसले तरी त्याचा उपयोग पुरता होत नाही, आणि आमच्यासारख्यांनी केवळ संप्रेरकाचा आकडा पाहून "नॉर्मल" लिहून दिले तर ती दिशाभूल ठरते.

हा एकटाच अभ्यास असता तर मी इतक्या ठामपणे लिहिले नसते. डेन्मार्कमध्ये २००९ मध्ये १०५ तरुणांची तपासणी प्रसिद्ध झाली. ज्यांच्या रक्तात ही रसायने सर्वाधिक होती त्यांच्यात निर्दोष आकाराच्या शुक्राणूंची मध्यम संख्या सुमारे ६२ लाख होती आणि ज्यांच्यात सर्वांत कमी होती त्यांच्यात ती दीड कोटीच्या वर होती. त्याच देशात नंतर, १९८८-८९ मध्ये गरोदर असलेल्या स्त्रियांच्या जपून ठेवलेल्या रक्ताची सांगड त्यांच्या वीस वर्षांच्या मुलांच्या वीर्याशी घातली गेली. आईच्या रक्तात पीएफओए जास्त होते, त्या मुलांत शुक्राणू कमी होते. असा संबंध न दिसलेले अभ्यासही आहेत आणि या विषयात अजून वाद आहेत, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. पण प्रयोगशाळेत काम करणारी व्यक्ती म्हणून मला एवढे कळते की सगळे वाद मिटण्याची वाट पाहत एक पिढी ते पाणी पीत राहणे हा प्रयोग माणसांवर करण्याचा नाही.

शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. म्हणून ताप येऊन गेला, तंबाखू सोडली किंवा भट्टीवरचे काम बदलले, तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करून सुधारणा पाहता येते आणि ती अनेकदा दिसतेही. पण वृषणांतील ज्या पेशी शुक्राणूंना पोसतात त्यांची संख्या गर्भात, बालपणी आणि वयात येईपर्यंत ठरते. तिथे घट झाली तर पुढे औषधाने ती भरून निघत नाही. शिवाय पीएफओए शरीरातून निम्म्यावर यायलाच दोन ते चार वर्षे लागतात. पाणी उकळल्याने हे रसायन जात नाही, उलट पाणी आटले की त्याचे प्रमाण वाढते. गाळून, तुरटी फिरवून किंवा टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकूनही काही साधत नाही. म्हणजे आपल्या घरांत पाणी शुद्ध करण्याचे जेवढे उपाय आज्यांपासून चालत आले, त्यांतील एकही इथे चालत नाही.

आता आपल्याकडची व्यवस्था पाहा. गावात जलसुरक्षक असतो. तो पाण्यात औषध टाकतो, ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन आहे का याची चाचणी) करतो आणि ठरलेल्या वेळी विहिरीचा, बोअरवेलचा नमुना बाटलीत भरून प्रयोगशाळेत पाठवतो. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, सर्वेक्षण होऊन ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. ही व्यवस्था उभी राहिली म्हणून कॉलरा, कावीळ, हगवण यांची साथ आटोक्यात राहते. ते काम मोलाचे आहे आणि ते करणाऱ्यांना फार थोडे मानधन मिळते, हेही इथे सांगितले पाहिजे. पण हिरवे कार्ड जंतूंच्या धोक्याबद्दल बोलते. रासायनिक तपासणीत क्षार, कठीणपणा, नायट्रेट, फ्लोराइड, लोह असे नेहमीचे घटक पाहिले जातात. पीएफएएस त्यात येत नाही, कारण पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५००: २०१२ मध्ये, त्याला मर्यादाच दिलेली नाही. मर्यादा नाही म्हणून तपासणी नाही आणि तपासणी नाही म्हणून प्रदूषण "आढळले नाही". अमेरिकेने एप्रिल २०२४ मध्ये पीएफओए आणि त्याच कुळातील पीएफओएस यांच्यासाठी लिटरमागे ४ नॅनोग्रॅम ही मर्यादा जाहीर केली. ती किती बारीक आहे याची कल्पना यावी म्हणून सांगते. दहा हजार लिटरचे अडीचशे टँकर ओळीने उभे केले, तर त्या सगळ्यांत मिळून जास्तीत जास्त दहा मिलिग्रॅम चालेल, म्हणजे चिमूटभर मिठापेक्षा कितीतरी कमी. एवढ्या अल्प प्रमाणाची मोजणी तालुक्याच्या प्रयोगशाळेत होणार नाही, त्यासाठी वेगळी यंत्रे लागतात, हे मान्य. पण राज्यात ती यंत्रे नाहीत असे नाही.

मानकांतील आणखी एक विसंगती मला अनेक वर्षे खटकते. बाटलीबंद पाण्यात कोणतेही एक कीटकनाशक लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. नळाच्या आणि विहिरीच्या पाण्यासाठी मात्र आयएस १०५०० मध्ये प्रत्येक कीटकनाशकाची मर्यादा वेगळी आहे. मोनोक्रोटोफॉससाठी ती १ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे दहापट, आणि क्लोरपायरीफॉससाठी ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे तीनशेपट. वीस रुपयांची बाटली घेणाऱ्याचे शरीर वेगळे आणि यवतमाळच्या कापसाच्या शेतात विहिरीचे पाणी पिणाऱ्याचे वेगळे, असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे?

पुरुषांच्या जननक्षमतेवर रसायनांचा घाव बसतो ही काही नवी शंका नव्हे. कॅलिफोर्नियातील लॅथ्रॉप येथे १९७७ मध्ये डीबीसीपी हे जमिनीतील सूत्रकृमी मारणारे औषध तयार करणाऱ्या कारखान्यातील कामगारांच्या आपापसातील बोलण्यातून लक्षात आले की आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी पाळणा हललेला नाही. तपासणी झाली, तेव्हा अनेकांच्या वीर्यात शुक्राणू फारच कमी होते, काहींत मुळीच नव्हते. हे औषध प्राण्यांच्या वृषणांना इजा करते, हे १९६१ मध्येच छापून आले होते. सोळा वर्षे तो कागद कपाटात राहिला. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर १९७९ मध्ये त्याचा वापर थांबला, पण ते जमिनीतून भूजलात उतरले होते आणि तेथील विहिरींचे पाणी पुढे अनेक वर्षे गाळून घ्यावे लागले. आपल्या शेजारचे उदाहरण केरळमधील कासरगोडचे आहे. काजूच्या बागांवर वीस वर्षांहून अधिक काळ विमानातून एंडोसल्फान हे कीटकनाशक फवारले गेले. डोंगरातील सुरंगांचे (पाण्यासाठी खोदलेल्या आडव्या बोगद्यांचे) आणि ओढ्यांचे पाणी पिणाऱ्या पाड्रे गावातील ११७ मुलग्यांची तपासणी अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेने केली. फवारणी बंद होऊन काळ लोटला होता, तरी मुलांच्या रक्तात एंडोसल्फान सापडले आणि ते जितके जास्त, तितकी त्या मुलांची वयात येण्याची वाटचाल मागे पडलेली दिसली. हा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वोच्च न्यायालयाची बंदी येण्यास २०११ उजाडले.

महाराष्ट्रातील इतर भागांच्या वाचकांनाही हा प्रश्न परका नाही. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड येथे फ्लोराइड आहे, आणि हाडांचा फ्लोरोसिस झालेल्या पुरुषांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन कमी असल्याचे दिल्लीच्या डॉ. ए. के. सुशीला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्येच दाखवले होते. आपण मात्र फ्लोराइड म्हटले की पिवळे दात आणि वाकलेले गुडघे एवढेच पाहतो.

जगभरच्या पुरुषांत शुक्राणूंचे प्रमाण १९७३ ते २०१८ या काळात मिलिलिटरमागे सुमारे १० कोटींवरून ५ कोटींच्या खाली आल्याचा निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या एकत्रित अभ्यासात निघाला. मोजणीच्या पद्धती बदलल्या, हाताने मोजणाऱ्यांत फरक पडतो, असे आक्षेप त्यावर घेतले गेले आहेत. मी स्वतः हाताने मोजते, त्यामुळे त्या आक्षेपांत तथ्य आहे हे मला माहीत आहे. पण निम्म्याने झालेली घट सगळीच मोजणाऱ्यांच्या डोळ्यांच्या माथी मारता येणार नाही.

आता पुन्हा लोट्याकडे येते. त्रिसिनोच्या कारखान्याची यंत्रे २०१९ मध्ये लिलावात एका भारतीय उद्योगसमूहाने घेतली आणि ती इथे आणली, हे उघड झालेले आहे. इथले पाणी त्यामुळे दूषित झाले आहे, असा आरोप मी करत नाही. आरोप करायला किंवा तो खोडून काढायला लागतो तो पुरावा गोळा करण्याची वेळ आत्ताची आहे, एवढेच माझे म्हणणे आहे. आमच्याकडचा जांभा दगड म्हणजे चाळणी. जून-जुलैत पाऊस लागला की चार दिवसांत विहिरी काठोकाठ भरतात आणि एप्रिलमध्ये तळ दिसतो. जमिनीवर जे पडते ते पाण्यात उतरायला इथे वेळ लागत नाही. इटलीत खडी होती, इथे जांभा आहे. रसायनांच्या वासाने रात्री खिडक्या लावून घेण्याचे आणि खाडीत मेलेले मासे तरंगताना पाहण्याचे दिवस आमच्या वाड्यांनी पूर्वी अनुभवले आहेत. पण तेव्हा निदान काहीतरी दिसत होते, नाकाला कळत होते. हे रसायन ना दिसते, ना त्याचा वास येतो, त्यामुळे तक्रार कोणी आणि कशाच्या आधारावर करायची?

म्हणून शासनाकडे, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आणि भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणेकडे माझी जाहीर विनंती आहे की लोटे वसाहतीच्या भोवतालच्या गावांतील विहिरी, बोअरवेल आणि झरे, तसेच सामुदायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणारे पाणी, यांची पीएफएएस तपासणी या वर्षी करावी आणि आकडे गावाच्या नावानिशी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावेत. तपासणी फक्त पीएफओएची करून भागणार नाही, कारण कार्बन-अणूंच्या लांब साखळीच्या जुन्या रसायनांच्या जागी जगभर आखूड साखळीची रसायने वापरात आली आहेत आणि ती कोळशाच्या फिल्टरमधून लवकर निसटतात. वसाहतीत यांतील कोणती रसायने तयार होतात किंवा वापरली जातात, त्यांची यादी नागरिकांना मिळाली पाहिजे. आकडे निरंक आले तर आमच्यासारखा आनंद कोणाला होणार नाही, आणि कारखानदारांनाही ते कागद पुढे कामी येतील. भारतीय मानक ब्युरोने आयएस १०५०० मध्ये या रसायनांची मर्यादा घालावी, ही मागणी खासदारांनी लावून धरावी.

डॉक्टर मंडळींनाही एक विनंती. मूल होत नाही म्हणून जोडपे आले की पहिल्याच भेटीत दोघांच्याही तपासण्या लिहून द्या. वीर्यतपासणी ही सगळ्यांत स्वस्त आणि न दुखणारी तपासणी आहे, आणि ती न झाल्यामुळे बायका भूल घेऊन दुर्बिणीखाली जातात, हे मी प्रत्यक्ष पाहत आले आहे. सोबत रुग्णाचे गाव आणि पिण्याच्या पाण्याचा स्रोत लिहून घ्या. दहा वर्षांनी कोणाला या भागाचा अभ्यास करावासा वाटला, तर त्या नोंदी उपयोगी पडतील. आज तशी एकही नोंद माझ्या प्रयोगशाळेत नाही, म्हणून गेल्या महिन्यापासून मी आमच्या अर्जावर तो रकाना पेनाने आखून घेते.

पावसाळा संपला की जलसुरक्षक नेहमीप्रमाणे नमुने घ्यायला निघतील. लोट्याभोवतालच्या प्रत्येक विहिरीवर त्यांनी एक बाटली जास्त भरावी आणि ती योग्य प्रयोगशाळेत पाठवण्याचा खर्च शासनाने उचलावा. फक्त त्या बाटलीच्या झाकणाला टेफ्लॉनचे अस्तर नसावे. टेफ्लॉन याच कुळातले आहे आणि त्यामुळे अहवाल चुकू शकतो.

आपली,
एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ, चिपळूण